सोमवारची फुंकर

आमच्या ताईंचा आवाज घरात मावत नाही. ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. साखर संपली हे त्यांनी मला स्वयंपाकघरातून सांगितलं, की ते खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनाही कळतं आणि वाटीभर साखर वर येते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटायचं, या माझ्यावर सारख्या खेकसतात. मग एकदा त्यांच्या कामाच्या ठिकाणी गेले आणि उलगडा झाला. तो रागाचा आवाज नव्हता, पोटापाण्याचा होता.

मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला, चादरी धुण्याच्या विभागाला लागून, एक बैठी इमारत आहे. तिथे दम्यावर संशोधन चालतं. श्वासनळ्यांना आतून सूज का येते, ती वर्षानुवर्षं का उतरत नाही, ज्यांचे सांधे किंवा आतडी अशीच सुजून राहतात त्यांच्या सुजेशी तिचं काही नातं आहे का, असले प्रश्न घेऊन तिथले डॉक्टर बसलेले असतात. ताई डॉक्टर नाहीत, तंत्रज्ञ आहेत. माणसाला खुर्चीत बसवायचं, नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची, छाती भरून श्वास घ्यायला सांगायचं आणि मग ओरडायचं, "फुंका! जोरात! अजून, अजून, सोडू नका, अजून!" समोरच्या पडद्यावर एक रेघ सरसर वर चढते आणि हळूहळू उतरते. माणसाला वाटतं आपली हवा संपली. संपलेली नसते. ती तळाशी राहिलेली हवा बाहेर काढायची म्हणजे आवाजात जरब हवी आणि मायाही हवी. पेशंट मंडळींनी त्यांचं नाव फुंकाताई ठेवलंय. ताईंना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतं.

त्याच खोलीत दुसरी एक चाचणी होते. तिचं मला पहिल्यापासून भय वाटतं. नवीन औषधानं आतली सूज खरोखर उतरली का, हे नुसतं फुंकून नेहमी कळत नाही. मग माणसाला एका वेगळ्या औषधाची वाफ देतात, अगदी थोडी, आणि फुंकायला लावतात. मग जरा जास्त, मग आणखी जास्त. ज्याच्या नळ्या आतून चिडलेल्या असतात, त्याच्या त्या आवळायला लागतात. फुंकर ठरलेल्या मापाखाली गेली की थांबायचं आणि लगेच नळ्या उघडणारा पंप द्यायचा. म्हणजे डॉक्टर हाकेच्या अंतरावर ठेवून, मोजूनमापून, माणसाला धाप आणायची.

"ताई, तुम्हाला कसंतरी होत नाही हो?" मी एकदा विचारलं होतं.

"न सांगता केलं असतं तर झालं असतं. मी सगळं सांगते. छाती आवळेल, घाबरायला होईल. पंप इथं आहे, लाल बटण इथं आहे, बटण दाबलं की डॉक्टर येतात. आता हवं तेवढं घाबरा, पण फुंका."

"आणि ते घाबरतात?"

"घाबरतात ना. दम्याच्या माणसाला काय सांगायचं घाबरू नको म्हणून! त्याला माहिती असतं ते आपल्याला कुठं माहिती असतं?"

हे बोलताना त्यांची नजर भिंतीवरच्या फोटोकडे होती. सासूबाई दम्यानं गेल्या, त्या मी फक्त फोटोत पाहिल्या. भर दुपारी, उघड्या खिडकीत बसून गेल्या. ताई तेव्हा कॉलेजात होत्या, आमचे हे शाळेत. ताई शेजारच्यांना बोलवायला धावल्या आणि परत आल्या तेव्हा आईच्या छातीतला तो शिट्टीसारखा आवाज थांबलेला होता. हे कोपऱ्यात कानांवर हात ठेवून उभे होते. या गोष्टीवर दोघं बहीणभाऊ माझ्यासमोर कधी बोलले नाहीत. मला हे सगळं शिंपीणबाईंकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. ताईंनी लग्न केलं नाही, त्या इमारतीत नोकरी धरली आणि तिथेच केस पिकवले. बाकीच्यांना ती नोकरी वाटते. मला ते पहाऱ्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं.

त्या इमारतीत एक रीत आहे. मशीन खरं बोलतंय की नाही हे दोन तऱ्हांनी पाहतात. एक, मोठ्या पिचकारीनं ठरावीक हवा आत ढकलायची आणि मशीन तेवढीच दाखवतं का ते बघायचं. दुसरी, दर सोमवारी पेशंट यायच्या आत एका धडधाकट माणसानं स्वतः फुंकायचं. निरोगी माणसाची छाती एका आठवड्यात बदलत नाही. तेव्हा त्याची रेघ बदलली तर समजायचं, मशीन बिघडलं. तो धडधाकट माणूस म्हणजे आमच्या ताई. कितीतरी वर्षं. "अख्ख्या विभागाचं माप माझ्या छातीवर लागतं," असं त्या आल्यागेल्याला सांगत, आणि आमची लेक म्हणे, "आत्या, म्हणजे तू फूटपट्टी आहेस!"

त्या वर्षी थंडी सरता सरता ताई जिन्यात गप्पिष्ट झाल्या.

आमचं घर वरच्या मजल्यावर. एरवी ताई दोन दोन पायऱ्या चढून येणाऱ्या. आता खालच्या मजल्यावर शिंपीणबाईंच्या दारात थांबायच्या, त्यांच्या मशीनवरच्या कापडाचा रंग विचारायच्या. मधल्या वळणावर दुसऱ्यांच्या कुंडीतली पिकली पानं खुडायच्या. शेवटच्या पायरीवर पिशवीत किल्ली शोधायच्या, दार मी उघडून उभी असतानाही. बाईमाणूस घरात दिवसभर एकाच जिन्याचे आवाज ऐकतं, तेव्हा कुणाचं पाऊल कुठं अडलं ते त्याला कळतंच.

मग एका सोमवारी त्या घरी आल्या त्या वैतागूनच. "मशीन बिघडलंय. कमी दाखवतंय."

पुढच्या सोमवारी आणखी कमी. त्यांनी नळी बदलली, गाळणी बदलली, खोली गार आहे म्हणून हीटर लावून पाहिला. शेवटी कंपनीचा मेकॅनिक बोलावला. त्या दिवशी संध्याकाळी मी ओट्यापाशी वाटाणे सोलत होते. ताई स्टुलावर बसून हसत हसत सांगायला लागल्या.

"अगं, तो मेकॅनिक म्हणजे नमुनाच. त्यानं सगळं खोललं, जोडलं, पिचकारी दहादा मारली. म्हणतो, बाई, हे मशीन माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. पिचकारीही बरोबर आहे. मी म्हटलं, मग माझी रेघ का खाली येते? तर म्हणतो कसा, मशीन झालं, पिचकारी झाली, आता खोलीत उरलं कोण?"

त्या मोठ्यानं हसल्या आणि हसण्याच्या शेवटाला एक बारीक शिट्टी वाजली. दाराच्या फटीतून वारा आल्यासारखी. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. बाहेरच्या खोलीत आमच्या ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. बातम्या नव्हत्या, सामना नव्हता, साबणाची जाहिरात होती. ह्यांनीही ऐकलं होतं.

"ताई," मी म्हटलं.

"काय ताई? मेकॅनिक मूर्ख आहे. दुसरा बोलावते."

"शिट्टी वाजली आता."

"सर्दी आहे."

"किती दिवस?"

"हे बघ, तू मानसशास्त्रात बीए केलंस ना, मग मनापुरतंच बघ. छातीचं मी बघते."

एरवी मी या टोमण्यावर उलटा टोमणा दिला असता. त्या दिवशी वाटाणेच सोलत राहिले. हजारो माणसांच्या छातीतली घरघर जिला दाराबाहेरून कळते, तिला स्वतःची ऐकू येत नव्हती, की ऐकायची नव्हती? पुढे काही दिवसांनी त्यांनीच मला गाठलं. वाळत घातलेले कपडे काढत होते, त्या दोरीच्या पलीकडे येऊन उभ्या राहिल्या. मध्ये चादर होती, तोंडं दिसत नव्हती. बहुधा म्हणूनच बोलल्या.

"हे औषधाचं काम अर्ध्यात आलंय. मला दमा आहे असं निघालं, तर त्या वाफेच्या खोलीत मला पाऊल टाकू देणार नाहीत. दम्याच्या माणसाला ती वाफ बाधते. नियमच आहे, मीच नवीन मुलींना शिकवलाय."

"मग तर आजच सांगा!"

"काम संपू दे. तोवर गप्प बस."

"आणि तोवर काही झालं तर?"

चादरीमागून त्यांचा श्वास ऐकू येत होता. तो मी मोजायला लागले.

त्यानंतरचे दिवस मी कानांनी जगले. ताई न्हाणीघरात किती वेळ आहेत, खोकल्या का, खोकून थांबल्या का. भांडं पडलं तरी मी धावायचे. ह्यांच्याशी बोलून पाहिलं तर हे म्हणाले, "तिला कळतं सगळं. ती त्यातलीच आहे." आणि इस्त्री न केलेला शर्ट घालून बाहेर निघून गेले. इस्त्रीशिवाय पाऊल न टाकणारा माणूस! मी समजले, इथून मदत मिळायची नाही. हा अजून त्या कोपऱ्यात उभा आहे.

एका सकाळी ताईंना घरातूनच निघताना धाप लागली. चपलेचा पट्टा लावायला वाकल्या त्या वेळेत. मी अडवलं तर म्हणाल्या, "आज ड्रायव्हरकाकांची चाचणी आहे. त्यांना माझ्याशिवाय कुणाचं ऐकू येत नाही." आणि गेल्या. मी गॅस बंद केला, दाराला कुलूप घातलं आणि मागोमाग निघाले. ठरवलं होतं, मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगून टाकायचं. ताई आयुष्यभर बोलल्या नाहीत तरी चालेल.

मोठे डॉक्टर मीटिंगमध्ये होते. मला बाकावर बसायला सांगितलं. बाकासमोरच वाफेच्या खोलीची काचेची खिडकी. आत ड्रायव्हरकाका खुर्चीत बसले होते. बस चालवून निवृत्त झालेले, जन्मभर इंजिनाच्या शेजारी बसून कान गेलेले. गप्पा मारायला मात्र पटाईत.

ताई बोलत होत्या, काका "ऑं?" करत होते. त्या खोलीत छताजवळ एक मोठा पंखा आहे. माणसाच्या तोंडातून सुटलेली वाफ खोलीत राहू नये म्हणून तो ती बाहेर ओढून टाकतो. तो घरघरतो फार. ताईंनी हात वर करून त्याचं बटण बंद केलं, आणि एकदम मला बाकावरूनही सगळं स्वच्छ ऐकू यायला लागलं.

"आता येतंय का ऐकू?"

"हां, आता येतंय. बायको म्हणते, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणूनच आपला संसार टिकला."

"बरोबर बोलते ती. चला, नळी धरा. वाफ येईल. आत ओढा."

काकांनी वाफ ओढली, फुंकर मारली. मग पुढची, थोडी जास्त. मग आणखी. प्रत्येक वेळी ताई त्यांच्या तोंडापाशी वाकून ओरडत होत्या आणि काकांच्या तोंडून सुटलेला पांढुरका धूर ताईंच्या चेहऱ्यावरून जात होता. पंखा बंदच होता. मला त्याचा अर्थ कळायला वेळ लागला. कळला तेव्हा मी उभी राहिले.

"फुंका! अजून! अजून! अजू—"

ताईंचा आवाज तुटला. कुणी नळ गच्च बंद करावा तसा. काका डोळे मिटून फुंकतच होते, कारण त्यांना कुणी थांबा म्हटलं नव्हतं. चेहरा लाल झाला तरी बिचारे फुंकताहेत. ताईंनी एका हातानं टेबल धरलं. त्यांचे खांदे वर उचलले गेले ते खाली येईनात.

मी दार ढकलून आत गेले. "ताई!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्या डोळ्यांत राग पाहिला, थट्टा पाहिली, एकदोनदा पाणीही पाहिलं. हे मी पाहिलं नव्हतं. ते एखाद्या लहान मुलीचे डोळे होते, आणि त्या मुलीला कोपऱ्यात लपायलाही जागा नव्हती. भिंतीवर लाल बटण होतं. मी हात पुढे केला तर त्यांनी आपला तळवा त्या बटणावर ठेवला. घट्ट. मान हलवली. नको.

"सोडा, ताई! वेड लागलंय का!"

मी त्यांची बोटं उचकटायला लागले. श्वास मिळत नसलेल्या बाईच्या हातात एवढा जोर कुठून आला, देव जाणे. शिट्टी आता बारीक राहिली नव्हती. आणि त्यातच मागून दुसरी शिट्टी ऐकू आली.

ड्रायव्हरकाकांनी नळी सोडली होती. त्यांची छाती भात्यासारखी चालली होती. वाफेनं आपलं काम केलं होतं. त्यांना पंप द्यायची वेळ येऊन गेली होती आणि तो द्यायचं भान खोलीत कुणालाच नव्हतं. त्यांनी ताईंकडे हात केला. त्यांना काही कळत नव्हतं, एवढंच ठाऊक होतं की या बाई हात केला की पंप देतात.

ताईंनी तो हात पाहिला. ट्रेवरचा पंप उचलायला गेल्या आणि तो बोटांतून निसटला. परत उचलला, परत निसटला. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला सांगता येणार नाही. त्यांनी बटणावरचा तळवा उचलला नाही, तो तसाच आत दाबला. पूर्ण भार टाकून.

बाहेर घंटा वाजली. धाकट्या डॉक्टरीणबाई धावत आल्या आणि सरळ काकांकडे वळल्या, कारण पेशंट ते होते. पंप काकांच्या तोंडाला लावेपर्यंत त्यांना दुसरं काही दिसलं नाही. "आणि या," मी ओरडले, "यांनाही!" डॉक्टरीणबाईंनी वळून पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "फुंकाताई?" त्यांच्या तोंडून तेच नाव निघालं. मग नर्स आली, ऑक्सिजन आला, दुसरा पंप आला, कुणीतरी पंखा लावला. दोघांना शेजारी शेजारी बसवलं. काका आधी सावरले. पहिलं वाक्य म्हणाले, "बाई, मला थांबा म्हणायचं तरी! मी आपला फुंकतोय."

ताईंना बराच वेळ लागला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. हाताखाली ती छाती वरखाली होत होती आणि दर वेळी ती खाली गेली की मला वाटायचं, आता वर येणार का?

मोठे डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "आज काकांना काही झालं असतं, तर?" ताईंनी मान खाली घातली. पुढच्या आठवड्यात त्यांना त्याच खुर्चीत बसवलं, वाफेशिवाय. नव्या मुलीनं नाकाला चिमटा लावला. ताईंनी फुंकलं, पंप घेऊन थोड्या वेळानं परत फुंकलं. पहिली रेघ बुटकी, दुसरी उंच. दम्याची सहीच ती. ताई पडद्याकडे बघून त्या मुलीला म्हणाल्या, "मशीन बरोबर आहे," आणि डोळे पुसायला चिमटा काढावा लागतो असं उगाच सांगून चिमटा काढला.

वाफेची खोली सुटली. आता त्या पलीकडच्या खोलीत बसून आलेल्या रेघा तपासतात. रोज दोन वेळा सूज उतरवायचा पंप घेतात, घेतल्यावर गुळण्या करतात आणि मी पाहतेय का ते बघतात. बरं वाटतंय, पण भीती गेलेली नाही. परवा माझ्याशेजारी बसून म्हणाल्या, "अगं, मी लोकांना सांगायचे घाबरायला होईल म्हणून. काय सांगत होते मी? मला काडीचीही कल्पना नव्हती." खिडकीकडे पाहिलं. "हवा सगळीकडे असते गं. दिसते. खिडकीत पडदा हलताना दिसतो. आणि आपल्याला मिळत नाही."

मी त्यांचा हात धरून ठेवला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की हे कुटुंबात चालत येतं, भावालाही एकदा आणा. घरी हा विषय काढला तेव्हा आमच्या ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. "मला काय धाड भरलीय? थोडा खोकला येतो सकाळी. सगळ्यांनाच येतो."

मी ताईंकडे पाहिलं. सकाळचा खोकला! तो मला इतकी वर्षं न्हाणीघराच्या नळासारखा घरातलाच एक आवाज वाटत होता.

ताई उठल्या. आवाज चढवला नाही. एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आत जाऊन ह्यांचे बूट आणले, पेपरखाली पायांपाशी ठेवले आणि समोर जमिनीवर बसल्या.

"ऊठ."

"ताई, मला काही झालेलं नाही."

"मीही हेच म्हणत होते."

पेपर थोडा खाली आला. ह्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. "आणि निघालं तर?"

"तर निघालं. तू फुंकायचंस, मी दाराबाहेर असेन. आत येऊ देणार नाहीत मला."

"तू ओरडणार नाहीस ना?"

"नाही. ती नवी मुलगी ओरडते, चांगली ओरडते."

ह्यांनी बुटात पाय घातला. नाडी बांधायला वाकले, तशा आम्ही दोघीही पुढे झुकलो. आम्ही ऐकत होतो.